भर समुद्रातली बँक

रात्री जेवताना जावई म्हणाला, "उद्या आपण सगळे स्टेलवॅगन बँकेवर जाऊ," आणि मी हातातला घास तसाच धरून पासपोर्ट कुठल्या पिशवीत आहे ते आठवू लागलो. बँक म्हटली की ओळखीचा पुरावा, दोन फोटो आणि पेन्शनचा कागद घेऊनच निघायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. ठाण्याच्या एका शाखेत ३६ वर्षं काढलेला माणूस मी. त्यातली २२ तर चेकवरच्या सह्या तपासण्यात गेली. अजूनही आहेराच्या पाकिटावरचं नाव वाचताना मागच्या लग्नातला 'र' आणि हा 'र' एकाच हातचा आहे का, ते मी नकळत बघतो.

"बँकेवर नव्हे, बँकेत," मी व्याकरण सुधारलं. जावई पंधरा वर्षं बॉस्टनला आहे. मराठीचे स्क्रू थोडे ढिले व्हायचेच.

"बँकेवरच हो बाबा," लेक म्हणाली. "समुद्रात आहे ती. व्हेल बघायला जायचंय."

मग खुलासा झाला. बॉस्टनच्या पूर्वेला साधारण २५ मैलांवर समुद्राच्या तळाशी वाळू-खड्यांचं एक लांबलचक पठार आहे. अशा उंचवट्याला इंग्रजीत बँकच म्हणतात. अमेरिकन आरमारातल्या स्टेलवॅगन नावाच्या अधिकाऱ्याने १८५४ साली त्याचा नकाशा काढला, म्हणून हे नाव. १९९२ पासून ते सागरी अभयारण्य आहे. भोवती खोल पाणी आणि मध्येच हा उंचवटा. प्रवाह त्याच्यावर आपटून वर चढतात, येताना तळाचं सत्त्व घेऊन येतात. त्या सत्त्वावर डोळ्यांना न दिसणारे जीव पोसतात, त्यांच्यावर मासोळ्या, आणि मासोळ्यांवर व्हेल नि पाखरं. हंपबॅक जातीचे व्हेल उन्हाळ्यात इथे येऊन दिवसाला टनाच्या हिशेबाने खातात आणि थंडीत खाली कॅरिबियन समुद्रात जाऊन पिल्लं घालतात. तिथे त्यांना खायला जवळजवळ काही नसतं. इथे साठवलेल्या चरबीवरच तो हंगाम काढायचा.

"म्हणजे उन्हाळ्यात भरणा आणि हिवाळ्यात काढणं!" मी म्हणालो. "अहो, मग ही बँकच आहे!"

"झालं," ही म्हणाली. "आता उद्या समुद्रात लेजर उघडतील."

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात एक लेजर आधीपासूनच उघडं होतं. लेक चार वर्षांत ठाण्याला आलेली नव्हती. एकदा नोकरी बदलली, एकदा घर घेतलं, एकदा नातीची शाळा आडवी आली. कारणं सगळी खरी. मी तपासलेली आहेत. मग आम्हीच जातो. मे महिन्यात उडायचं, ऑक्टोबरात परतायचं. उलट लेकीचं म्हणणं, "सारखी ये-जा कशाला? इथेच राहा ना आता. ग्रीन कार्डाचे कागद भरून टाकू." ते कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली तीन महिने होते. मीसुद्धा ठाण्याहून एक वाक्य तयार करून आणलं होतं : "बाळ, दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय होतं." तिचे कागद टोपलीखाली आणि माझं वाक्य घशात, अशी तीन महिन्यांची कोंडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. ऑगस्टचा महिना. लेकीने स्वेटर पुढे केला तो मी बाणेदारपणे परत केला. "भाऊच्या धक्क्यावरून भर वाऱ्यात रेवसला गेलेला माणूस आहे मी," मी सांगितलं. हिने काही न बोलता शाल, कानटोपी, आलेपाक आणि आवळकाठीची डबी पिशवीत भरली. लग्नाला ४४ वर्षं झाली की बायको वाद घालत नाही, पिशवी भरते.

तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की व्हेल न दिसल्यास दुसरी फेरी फुकट. अमेरिकेत आल्यावर मी किमती बघतो त्या रुपयांत गुणून, आणि मग दोन मिनिटं खाली बसतो. त्यामुळे ते वाचल्यावर माझ्या मनात जो विचार आला तो मी कोणाला सांगितला नाही. पण देवमाशांनी त्या दिवशी रजा घेतली असती तर माझी हरकत नव्हती.

बोट सुटली आणि अर्ध्या तासात माझा बाणेदारपणा थंडीने काकडला. जमिनीवर घाम आणि समुद्रावर माघ महिना, असा तिथला प्रकार. पाऊण तासात मी हिची शाल, नातीचा गुलाबी टॉवेल आणि कानटोपी अशा वेषात कठड्याला धरून उभा होतो. बोट मागेपुढे झुलत होती, तोवर ठीक होतं. ती डावी-उजवीकडेही झुलू लागली तेव्हा रेवसचं पुण्य संपलं. हिने आलेपाकाची वडी माझ्या तोंडात कोंबली आणि "क्षितिजाकडे बघा" असा हुकूम सोडला. हिचं माहेर हर्णै. समुद्राच्या बाबतीत आमच्या घरात हेड ऑफिस तीच.

एवढ्यात माइकवरून माहिती सांगणारी मुलगी ओरडली, "व्हेल, दोन वाजता!"

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. एवढ्या प्रचंड जनावराला वेळेचं इतकं भान असल्याचं पाहून मला भरून आलं. दोनचा आहे तर सव्वादोन तास जरा टेकून घ्यावं म्हणून मी बाक शोधला. लोक मात्र एका बाजूला धावत सुटले.

"आजोबा, ऊठ!" नात मला ओढत म्हणाली. "बोटीचं नाक म्हणजे बारा! दोन म्हणजे तिकडे, उजवीकडे!"

मी तिकडे पोचेपर्यंत समुद्र पुन्हा सपाट झाला होता. पुढच्या तासात मी मोबाइलवर एकंदर ४७ फोटो काढले. त्यांतल्या ४४ मध्ये पाणी आहे, दोनांत माझा अंगठा आहे आणि एकात शेजारच्या बाईंचं कोपर. व्हेल त्या प्रत्येक फोटोच्या अर्धा सेकंद आधी होऊन गेलेला आहे.

सगळी बोट उजवीकडे असताना एक म्हातारा अमेरिकन गृहस्थ डावीकडे एकटाच दुर्बीण लावून उभा होता. त्याला दिशा समजली नसेल, असं वाटून मी सहानुभूतीने त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "व्हेल काय, मोठेच आहेत, कोणालाही दिसतील. मी पक्ष्यांसाठी येतो." मला माणूस आवडला. बँकेतही मोठ्या ठेवीदारांना मॅनेजर उठून चहा देतो. छोट्या खातेदारांकडे बघणारा एखादाच असतो.

त्याने मला दाखवले ते खरंच छोटे खातेदार. पहिला, पाण्यावर फुगून बसलेला तपकिरी-पांढरा ग्रेट शिअरवॉटर. हा दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्याच्या बेटांवर अंडी घालतो आणि तिथला हिवाळा चुकवायला विषुववृत्त ओलांडून हजारो मैल इथे येतो. आल्यावर इतकं खातो, की कधी कधी त्याला उडताच येत नाही. आमच्या देखत एकाने पाण्यावर धावत धावत तीनदा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसला. जिलबीच्या पंगतीनंतर पाटावरून उठणारे आमचे एक मामा मला आठवले.

दुसरा मात्र अगदी चिमणा. काळपट, कमरेला पांढरा पट्टा, पाय लोंबते सोडून पाण्यावर टपटप पावलं टाकत चाललेला. नाव विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. पाण्यावरून चालणाऱ्या सेंट पीटरवरून पेट्रेल हे नाव पडलं असं म्हणतात. घर कुठे, तर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर! वजन किती, तर ३५ ते ४० ग्रॅम.

"म्हणजे तीन-साडेतीन तोळे," मागून आवाज आला. ही केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "माझ्या दोन पाटल्या यापेक्षा जड आहेत. आणि एवढंसं पाखरू तिथून इथवर येतं?"

"तुमच्याकडेही जातं," म्हातारा म्हणाला. "अरबी समुद्रात, तुमच्या पावसाळ्यात."

ही एकदम गप्प झाली. हर्णैला जन्म गेला आणि पावसाळ्यात आपल्या दारासमोरच्या खवळलेल्या पाण्यावर अंटार्क्टिकाचा पाहुणा नाचत असतो, हे तिला बॉस्टनला येऊन कळलं. "पावसात होड्या वर ओढलेल्या असतात," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आम्ही बघणार कसं?"

आणि मग ते झालं. बोटीने यंत्र मंद केलं होतं. पुढच्या पाण्यात हिरवट बुडबुड्यांचं एक कडं उमटू लागलं. एक बुडबुडा, दुसरा, तिसरा, रांगोळीचे ठिपके टाकावेत तसे गोल. माइकवरची मुलगी सांगत होती, की व्हेल खालून बुडबुड्यांचं जाळं विणतो, मासोळ्या त्यात कोंडल्या जातात आणि मग तो तोंड उघडून मधून वर येतो. तिचं वाक्य संपायच्या आत त्या कड्यातून एक जबडा वर आला. आमच्या ठाण्याच्या घराची पुढची खोली त्यात फर्निचरसकट मावली असती. समुद्रपक्षी कलकलाट करत तुटून पडले. एक तर त्या जबड्यावरच बसला आणि व्हेलच्या तोंडातली मासोळी पळवून गेला. काउंटरवर दुसऱ्याची रक्कम मोजली जात असताना त्यातली नोट लांबवण्याचा हा प्रकार मी नोकरीत एकदाच पाहिला होता.

मग फुस्सकन उच्छ्वास झाला आणि वाऱ्याबरोबर त्याचा फवारा आमच्यावर आला. त्या श्वासाला कुजलेल्या मासळीचा वास असतो. लोकांनी नाकं दाबली. हिने मात्र डोळे मिटून खोल श्वास घेतला. "लिलावाच्या वेळी बंदरावर यायचा, तसा," ती म्हणाली. मी पाहिलं तर तिचे हात जोडलेले होते. बोटभर लोक 'वॉव' म्हणत होते, शिट्ट्या मारत होते. आमच्याकडे याला देवमासा म्हणतात, हे त्यातल्या एका माणसाला ठाऊक होतं, आणि ती हर्णैची होती.

व्हेल खोल बुडी मारताना शेपूट वर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्याची नक्षी असते आणि ती प्रत्येकाची वेगळी. त्यावरून त्याला ओळखतात, फोटोंची वही ठेवतात, नाव देतात. हे ऐकलं मात्र, माझी मळमळ कुठल्या कुठे गेली. नमुना सही! स्पेसिमेन कार्ड! मी गर्दीतून वाट काढत त्या मुलीच्या टेबलाशी गेलो. तिच्या सहकाऱ्याने नुकत्याच काढलेल्या शेपटीचा फोटो कॅमेऱ्यात होता आणि ती वहीतल्या एका पानावर बोट ठेवून म्हणत होती, "बहुतेक हाच."

मी चष्मा पुसला. एकदा वहीकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे.

"सही जुळत नाही," मी म्हणालो.

डाव्या पंखावरचा पांढरा फराटा सारखा होता, पण उजव्या कडेचा खाचा वहीत गोल होता आणि कॅमेऱ्यात टोकदार. मुलीने निरखून पाहिलं. चार पानं उलटली. पाचव्यावर थांबली. "माय गुडनेस, यू आर राइट!" ती म्हणाली. व्हेलचं नाव तिने सांगितलं ते वाऱ्यावर उडून गेलं, पण मला त्याचं काय? २२ वर्षांत एकाही मॅनेजरने जे म्हटलं नव्हतं, ते भर अटलांटिकमध्ये, गुलाबी टॉवेल गुंडाळलेला असताना ऐकायला मिळालं.

मग तिने आम्हाला त्या बँकेची सर्वांत जुनी प्रतिष्ठित खातेदार सांगितली. तिचं नाव सॉल्ट. पाठीवरच्या पंखावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे व्रण, म्हणून सॉल्ट. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तिला ओळखतात. इथे तिकीट काढून व्हेल दाखवायला सुरुवात झाली तीही तेव्हाच, १९७५ मध्ये. त्याआधी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरच्या न्यू बेडफर्ड आणि नॅन्टकेटहून गलबतं निघत ती व्हेल मारायला, दिव्यांच्या तेलासाठी. मारायला सोपा, मेल्यावर तरंगणारा, म्हणून एका जातीला 'राइट' म्हणजे 'योग्य' व्हेल असं नावच पडलं. तो आज चारशेसुद्धा उरलेला नाही, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून २००७ मध्ये बॉस्टन बंदरात येणाऱ्या जहाजांचा रस्ताच सरकवण्यात आला. पूर्वी जिथे दरोडे पडत तिथे आता रखवाली आहे. आमच्याकडे रस्त्यासाठी झाड सरकतं. जनावरासाठी रस्ता सरकल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

सॉल्टला १९८० मध्ये आपलं पिल्लू घेऊन आलेली लोकांनी पाहिली. त्याचं नाव ठेवलं क्रिस्टल. पुढे पिल्लं होत गेली तशी नावं चढत गेली. साल्सा, टबॅस्को, केजन, वसाबी, सोया... बारसं आत्याबाई करत नाहीत. जाणकार मंडळी वर्षातून एकदा जमून मतं घेतात.

"हा तर मिसळणाचा डबा झाला," ही म्हणाली.

"...आणि सांचल," मुलगी म्हणाली. "इंडियातलं काळं मीठ असतं ना, त्यावरून."

"संचळ?" ही जवळजवळ ओरडली. "अगं, म्हणजे आपलं पादेलोण!" आणि पिशवीतून आवळकाठीची डबी काढून तिने ते पादेलोण लावलेलं काळंकुट्ट फळ त्या मुलीच्या तळहातावर ठेवलं. मुलीने विश्वासाने तोंडात टाकलं. पुढचं अर्धं मिनिट तिच्या चेहऱ्यावरचे भाव बघायला लोक व्हेलकडे पाठ करून उभे राहिले.

तोंड ताळ्यावर आल्यावर तिला हिने विचारलं, "पिल्लू आईबरोबर किती दिवस राहतं?"

"साधारण वर्षभर. आई त्याला एकदा इथवरची वाट दाखवते. मग ते आपलं आपण."

"आणि पुढे भेटतात का?"

मुलगी खोटं बोलली नाही. "एकत्र फार क्वचित दिसतात," ती म्हणाली. "पण येतात ती इथेच. आईने दाखवलेल्या बँकेवर."

ही काही बोलली नाही. लेक शेजारी उभी होती, तीही बोलली नाही. मग कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून मी त्या मुलीला विचारलं, की एखादा खातेदार वर्षानुवर्षं आलाच नाही, तर वहीतून नाव कमी करता का?

"छे! कधी कधी खूप वर्षांनी अचानक येतो एखादा. आम्ही पान ठेवतो."

"आमच्या बँकेत दोन वर्षं," मी म्हणालो. "दोन वर्षं व्यवहार नसला, की खातं निष्क्रिय." बोलून गेलो आणि जीभ चावली. तीन महिने सांभाळलेलं वाक्य असं परक्या मुलीसमोर सांडलं.

परतीच्या वाटेवर नात हिच्या मांडीवर झोपली होती. म्हातारा पक्षीवाला त्याच्या वहीत काहीतरी लिहीत होता. लेक माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकली. बराच वेळ फेसाकडे बघत राहिली.

"बाबा, निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला काय लागतं?"

"फार काही नाही," मी म्हणालो. "खातेदाराने यायचं, ओळख पटवायची, आणि एक व्यवहार करायचा."

"दंड?"

"काही नाही. खातं पुन्हा चालू करायला पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे."

ती हसली. मग माझी कानटोपी नीट करून म्हणाली, "आणि ते ग्रीन कार्डाचे कागद?"

"आम्ही हंगामी खातेदारच बरे," मी म्हणालो. "उन्हाळ्यात इथे. थंडीत तिथे."

घरी गेल्यावर फळांच्या टोपलीखालचे कागद तिने कपाटात ठेवले. फाडले नाहीत. बँकरची मुलगी आहे.

डिसेंबरात सगळी आली. ओळख पटवायला त्रास झाला नाही. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने चार वर्षांनी तिला नुसत्या चालीवरून ओळखलं. हिने त्या दिवशी कपाळावर आठी न आणता जावयाला दोन वेळा नारळीभात वाढला, आणि नातीने हट्ट धरला म्हणून आम्ही गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो. दरम्यान मी थोडं वाचून ठेवलं होतं. हंपबॅक आपल्या अरबी समुद्रातही आहेत, जेमतेम शंभराच्या आत, आणि ते दूर कुठे स्थलांतराला न जाता इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर खूणयंत्र लावलेली एक मादी २०१७ मध्ये समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याकडे आली आणि पुन्हा परत गेली. तिचं नाव लुबान. अरबीतला धूप, आपल्या लोबानाचा मूळ शब्द. मीठ, पादेलोण आणि आता धूपसुद्धा!

नात हे सगळं मोठ्या डोळ्यांनी ऐकत होती. लाँचमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागला होता आणि लोक त्यांना गाठ्या फेकत होते. ते शेव-गाठ्या खाणारे पक्षी बघून ती जरा रागावली. मग म्हणाली, "आजोबा, हे कुठून येतात?"

"उत्तरेकडून. थंडी पडली की येतात. तुमच्यासारखे."

"आणि व्हेल?"

मी सवयीने घड्याळ बघितलं.

"घड्याळात काय बघतोस?" ती म्हणाली. "समोर बघ!"